गाडीच्या म्युझिक सिस्टीममधली शिट्टी, खरखर आणि गुणगुण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बसवला, सगळं नीट जोडलं, गाडी सुरू केली आणि गाण्यामागे बारीक शिट्टी वाजू लागली. अशा वेळी बहुतेक जण आधी फिल्टर आणायला धावतात. तसं करू नका. आवाज सिस्टीममध्ये नेमका कुठून शिरतोय हे एक साधा मल्टिमीटर आणि तासभर शांतपणे केलेली तपासणी यातून कळतं. जागा सापडली की उपाय बऱ्याचदा एका बोल्टवर येऊन थांबतो.

तपासणी कुठून सुरू करायची?

व्हॉल्यूमच्या बटणापासून. इंजिन चालू ठेवा, गाणं थांबवा आणि व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतोय, म्हणजे ऑक्सची (फोनमधून गाणं आणणारी) केबल, यूएसबी, अँटेना किंवा हेड युनिटला (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओला) मिळणारा पुरवठा तपासायचा. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज तेवढाच येत असेल तर तो त्याच्या पुढे शिरतोय, म्हणजे आरसीए केबल (हेड युनिटचा सिग्नल ॲम्पला नेणारी), ॲम्प, ॲम्पचा अर्थ (गाडीच्या बॉडीला केलेला निगेटिव्हचा जोड) किंवा स्पीकरची वायर. या एका कसोटीने अर्धी गाडी उघडायची वाचते.

मग सोर्स बदलून बघा. फक्त एफएमवर खरखर असेल तर अँटेनाच्या बाजूला वळा. फक्त ऑक्सवर असेल तर फोन आणि चार्जर. सगळ्या सोर्सवर सारखीच असेल तर अर्थ किंवा ॲम्प.

शेवटी इंजिन बंद करून चावी ॲक्सेसरीवर ठेवा. आवाज गायब झाला तर त्याचा उगम अल्टरनेटर किंवा इग्निशनमध्ये आहे. तसाच राहिला तर ॲम्पवरचं गेनचं बटण (त्याबद्दल पुढे), चार्जर किंवा केबल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, काय फरक पडला ते कागदावर लिहा. तीन गोष्टी एकदम बदलून आवाज गेला, तर तो कशाने गेला ते कळत नाही आणि महिन्याभराने परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हात घालण्याआधी काय काळजी घ्यायची?

पुरवठ्याच्या वायरींना हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पान्हा बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह काढण्यापूर्वी तुमच्या स्टिरिओला कोड लागतो का ते पाहून घ्या. डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजा आणि त्यांच्या जवळपास कुठेही टॅप मारू नका, म्हणजे वायर सोलून जोड घेऊ नका. आरसीए काढताना-घालताना सिस्टीम पूर्ण बंद हवी. का, ते पुढे येईल. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही.

रेस केली की शिट्टी चढते, सोडली की उतरते. हे काय आहे?

हा अल्टरनेटरचा आवाज. अल्टरनेटर आतून थ्री-फेज एसी तयार करतो आणि डायोड त्याचं डीसी करतात, पण ते डीसी सपाट नसतं, त्यावर बारीक लाटा राहतात. १२ पोलच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० आरपीएमवर आहे आणि पुलीचं गुणोत्तर अडीच आहे असं धरा. अल्टरनेटर फिरतो २००० आरपीएमने, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ फेरे, आणि लाटांची फ्रिक्वेन्सी येते १२०० हर्ट्झ. इंजिन २४०० वर नेलं की ती होते ३६०० हर्ट्झ. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो, म्हणून ही शिट्टी इतकी टोचते.

पण अल्टरनेटर चांगला असला तरी या लाटा असतातच. खरा प्रश्न, त्या गाण्यात कशा मिसळतात? बहुतेक वेळा उत्तर असतं ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या दोन वाटा जुळून तयार झालेलं वर्तुळ. हेड युनिटचा अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्पचा अर्थ डिकीत. बॉडीच्या पत्र्यातून हेडलाइट, फॅन, पंप अशा सगळ्यांचा करंट वाहत असतो, त्यामुळे या दोन बिंदूंचा व्होल्टेज तंतोतंत सारखा नसतो. आरसीए केबलची बाहेरची जाळी या दोन बिंदूंना जोडते. आता थोडा करंट जाळीतूनही वाहतो आणि त्याबरोबर अल्टरनेटरच्या लाटा थेट सिग्नलच्या वाटेवर चढतात. हेड युनिटचा सिग्नल २ व्होल्टचा आणि शिरलेली लाट फक्त ५ मिलिव्होल्टची असली, तरी ती अवघी ५२ डेसिबल खाली असते. शांत गाण्यात किंवा दोन गाण्यांच्या मधल्या जागेत ती स्पष्ट ऐकू येते.

मग ॲम्पचा अर्थ नेमका कसा करायचा?

सगळी मेहनत इथे घाला.

जागा अशी निवडा की जाड पत्रा आणि थेट बॉडीला वेल्ड केलेला भाग मिळेल. सीटचा ब्रॅकेट, डिकीच्या दाराचा बिजागर, पातळ पत्र्यातला सेल्फ-टॅपिंग स्क्रू यांवर भरवसा ठेवू नका. सीटबेल्टचा बोल्ट तर मुळीच वापरायचा नाही. तो ठरावीक ताकदीने घट्ट केलेला असतो आणि जिवाशी संबंधित आहे. भोक पाडणार असाल तर पत्र्याच्या खाली आधी वाकून बघा. तिथून इंधनाची टाकी किंवा ब्रेकची पाइप जात असते.

रंग पॉलिश पेपरने घासून काढा, अगदी चकचकीत धातू दिसेपर्यंत, आणि लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कडीच्या) आकारापेक्षा थोडी मोठी जागा. नुसता रंग उडाला आणि खालचा राखाडी प्रायमर राहिला, तर तोही करंट अडवतो. लग वायरवर क्रिम्पिंग टूलने पक्का दाबा. पक्कडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो आणि उन्हाळा-पावसाळा गेला की सैल होतो. लग थेट धातूवर बसवा, त्यावर दात्यांचा वायसर, मग नट. घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा, म्हणजे गंज चढणार नाही. आधी नाही, नंतर.

वायर ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि जाडी पॉझिटिव्हइतकीच. पॉझिटिव्ह १६ चौरस मिमीची असेल तर अर्थही १६ चाच. वायर खरी तांब्याची आहे का, ते टोक सोलून खरवडून बघा. आत चंदेरी रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. ती तांब्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी करंट वाहते, म्हणून एक आकार वरची घ्यावी लागते.

दोन ॲम्प असतील तर दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर घ्या. आणि ॲम्पची बॉडी थेट पत्र्यावर आवळू नका. मध्ये लाकडी फळी किंवा रबर ठेवा, नाहीतर स्क्रूमधूनच दुसरा लूप तयार होऊ शकतो.

मीटरवर अर्थ शून्य ओहम दाखवतो, तरी शिट्टी आहेच. कसं?

साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. अर्थमध्ये ०.०१ ओहमचा दोष असला तर तो या मीटरला दिसणारच नाही. पण ४० ॲम्पिअर करंटला तोच ०.०१ ओहम ०.४ व्होल्टचा फरक पाडतो. म्हणून ओहम नको, व्होल्ट मोजा, आणि तेही सिस्टीम वाजत असताना.

मीटर डीसी व्होल्टवर लावा. बेस असलेलं गाणं जोरात वाजवा. एक प्रोब ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरा बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर बोल्ट चांगला. मग दुसऱ्या प्रोबला लांब वायर जोडून तो थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर नेऊन टेकवा. इथे ०.२ पर्यंत ठीक आहे. ०.५ च्या वर गेला आणि बोल्ट मात्र चांगला ठरला असेल, तर दोष पुढे आहे: बॅटरीपासून बॉडीला येणारी पट्टी, किंवा इंजिन ते बॉडी जोडणारी पट्टी. जुन्या गाडीत ही पट्टी वरून धड दिसते आणि लगच्या तोंडाशी हिरवी पडून आतून खाल्लेली असते. ती बदला, जाड वायर टाका.

दोष ॲम्पचा, केबलचा की हेड युनिटचा, हे कसं ओळखायचं?

दोन शॉर्टिंग प्लग बनवा. जुन्या आरसीए केबलचे नर प्लग कापा आणि प्रत्येकात मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरने एकमेकांना जोडा. झालं. फक्त लक्षात ठेवा, हे प्लग ॲम्पच्या इनपुटलाच लावायचे. हेड युनिटच्या आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला कधीच नाही.

सिस्टीम बंद करा, ॲम्पमधून आरसीए काढा, शॉर्टिंग प्लग लावा, गाडी सुरू करा. आवाज अजूनही आहे? मग तो ॲम्पमध्ये, त्याच्या पुरवठ्यात, अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरींमध्ये आहे. स्पीकरच्या वायरी काढून ॲम्पजवळच एक सुटा स्पीकर जोडा. तो शांत राहिला तर गाडीतली स्पीकरची वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. त्यातही आवाज असला तर अर्थ पुन्हा तपासा. अर्थ निर्दोष ठरला तर ॲम्प दुरुस्तीला.

शॉर्टिंग प्लगने शांतता झाली तर ॲम्प निर्दोष. आता आरसीए परत ॲम्पला लावा आणि हेड युनिटच्या बाजूचं टोक सोडवून तिथे पिन आणि कडी एकमेकांना जोडा. हे टोक पत्र्याला टेकू देऊ नका. आवाज आला तर केबलच आवाज उचलतेय, तिचा मार्ग बदला. नाही आला तर उरलं हेड युनिट आणि त्याचा अर्थ. खात्रीसाठी चार्जरला न लावलेला फोन थेट ॲम्पच्या इनपुटला जोडून वाजवा. गाणं स्वच्छ वाजलं तर तपास संपला.

हेड युनिटमधली आरसीएची बारीक ट्रॅक उडते म्हणतात, ते काय?

काही हेड युनिटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कडीचा अर्थ बोर्डवरच्या एका अतिबारीक ट्रॅकमधून किंवा पिको फ्यूजमधून जातो. ॲम्पचा अर्थ सैल झाला, किंवा सिस्टीम चालू असताना कोणी आरसीए उपसली, की ॲम्पचा करंट परतीची वाट म्हणून आरसीएची जाळी धरतो. तो फ्यूज क्षणात जळतो. गाणं वाजत राहतं, पण शिट्टी कायमची येऊन बसते, आणि अर्थ दहादा केला तरी जात नाही.

तपासायला सोपं आहे. आरसीए काढा, मीटरचा एक प्रोब आउटपुटच्या बाहेरच्या कडीवर, दुसरा हेड युनिटच्या धातूच्या पेटीवर. चांगल्या युनिटमध्ये जवळजवळ शून्य ओहम. काहीच दाखवत नसेल किंवा शेकडो ओहम दाखवत असेल तर फ्यूज गेलाय. पक्की दुरुस्ती म्हणजे बोर्ड उघडून फ्यूज बदलणं. तोपर्यंत कडीपासून पेटीपर्यंत एक छोटी वायर जोडली तरी शिट्टी थांबते. मूळ दोष, म्हणजे ॲम्पचा सैल अर्थ, आधी काढा, नाहीतर नवा फ्यूजही जाईल.

आरसीए आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने नेली तर?

शक्यतो दोन बाजूंनी न्या. एकमेकांना ओलांडायच्या असतील तर काटकोनात. पण फक्त या कारणाने शिट्टी येते असं फार कमी वेळा होतं, म्हणून अर्थ तपासल्याशिवाय सगळं कार्पेट उपसू नका.

फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणं लावलं की गुणगुण येते.

चार्जर काढून बघा. लगेच थांबली ना? चार्जरचा निगेटिव्ह आणि ऑक्सची जाळी, दोन्ही वाटांनी फोन गाडीच्या अर्थला जोडला जातो आणि लूप पूर्ण होतो. शिवाय स्वस्त चार्जरमधलं १२ ते ५ व्होल्ट करणारं सर्किट स्वतःचा आवाज त्यात ओततं. उपाय म्हणजे ब्लूटूथवर वाजवा, हेड युनिटच्याच यूएसबीवर फोन लावा, किंवा ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप तोडणारा आयसोलेटर घाला. आयसोलेटर जिथे खरोखर शोभतो अशी ही जागा.

फक्त एफएमवर खरखर येते आणि डॅशकॅम लावल्यापासून वाढली.

हा अर्थचा नाही, हवेतून अँटेनात शिरणारा आवाज आहे. डॅशकॅम, यूएसबी चार्जर, बाजारातले एलईडी बल्ब या सगळ्यांत वेगाने चालू-बंद होणारं सर्किट असतं आणि त्याची वायरच अँटेनासारखी काम करते. कमजोर स्टेशन लावा आणि एकेक उपकरण काढत जा. एलईडी बल्ब असतील तर हेडलाइट बंद-चालू करून बघा.

दोषी सापडला की त्याच्या केबलवर, उपकरणाच्या अगदी जवळ, क्लिपचा फेराइट (असा आवाज अडवणारा चुंबकीय गाभा) बसवा. केबल एकदाच आरपार न्यायची नाही, तीन वेढे घ्या. फेराइटचा अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीन वेढ्यांना साधारण नऊपट. एफएमसाठी फेराइटचं ३१ किंवा ४३ क्रमांकाचं मिश्रण चालतं. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या वायरीसोबत एकाच खांबातून नेली असेल तर ती दुसऱ्या खांबात हलवा. काही वेळा एवढंच पुरतं.

नवा स्टिरिओ बसवल्यानंतर एफएम दुबळा झाला असेल तर अँटेनाच्या बूस्टरला १२ व्होल्ट मिळतायत का पाहा. ती निळी वायर बसवताना सुटून राहते.

इंजिन बंद आहे, तरी सतत "स्स्स" असा आवाज.

गेन जास्त आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. हेड युनिटचा सिग्नल आणि ॲम्पची भूक यांचा मेळ घालणारं ते बटण आहे. ते शेवटपर्यंत फिरवलं की ॲम्पच्या पहिल्या टप्प्याचा स्वतःचा फुसफुसाट वाढतो.

बरोबर लावायचं असं: इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद, गेन किमान. स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा. हेड युनिट तीन-चतुर्थांश व्हॉल्यूमवर ठेवून टेस्ट टोन वाजवा, सबवूफरला ५० हर्ट्झ, बाकी स्पीकरना १००० हर्ट्झ. मीटर एसी व्होल्टवर घेऊन स्पीकर टर्मिनलवर लावा आणि हवा तेवढा व्होल्टेज येईपर्यंतच गेन वाढवा. व्होल्टेज काढायचं सूत्र: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट. साधे मल्टिमीटर १००० हर्ट्झला कमी दाखवू शकतात. तिथे शेवटचा निकाल कानाने द्या.

सिस्टीम चालू-बंद करताना "धप्प" होतं.

ॲम्प सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद व्हायला हवा. त्याची रिमोट वायर (ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) इग्निशनवरून घेतली असेल तर हा क्रम बिघडतो. हेड युनिटची निळी-पांढरी वायर वापरा. नुसती निळी अँटेनाची असते आणि काही युनिटमध्ये रेडिओ सोडला की बंद पडते. ॲम्प जास्त असल्यामुळे रिले (कॉइलवर चालणारा स्विच) लावला असेल, तर त्याच्या कॉइलवर १एन४००१ डायोड घाला, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. कॉइल सोडताना निघणारा झटका तो गिळतो.

टिकटिक येते आणि इंजिनबरोबर वेग वाढतो.

शिट्टी नसून सुटे ठोके असतील तर तो स्पार्कचा आवाज. रेझिस्टरवाल्या प्लगच्या जागी साधे प्लग बसलेत का बघा, आणि जुन्या पद्धतीच्या हाय-टेन्शन वायरी असतील तर अंधारात बॉनेट उघडून निळ्या ठिणग्या कुठे दिसतात का पाहा. हात लावू नका. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतात, तिथे हे कारण बाद.

इंडिकेटर, वायपर किंवा पंपाबरोबर आवाज येतो.

चावी ऑन केल्यावर साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण येऊन थांबली तर तो फ्युएल पंप. हेड युनिटचा अर्थ कंपनीच्या हार्नेसमधून इतरांसोबत वाटून घेतलेला असेल तर असे सगळे आवाज त्यात मिसळतात. त्याला बॉडीवर स्वतंत्र, जाड अर्थ द्या.

अल्टरनेटरच खराब आहे हे कधी मानायचं?

इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर एसी व्होल्टवर, प्रोब थेट बॅटरीच्या खांबांवर. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर ठीक. ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेल्याची दाट शक्यता. डायोड गेला तरी चार्जिंग सुरूच राहतं, म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही.

इथे एक फसगत होते. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात आणि २५-३० व्होल्ट असं काहीतरी दाखवतात. प्रोब उलटे करून बघा. आकडा शून्यावर आला तर मीटर फसवतोय. प्रोबच्या वाटेत १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घालून पुन्हा मोजा.

आयसोलेटर, नॉइज फिल्टर, १ फॅरडचा कपॅसिटर यातलं काय घ्यावं?

आरसीएच्या वाटेतल्या आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. लूप तुटतो, पण लहान गाभा खालच्या फ्रिक्वेन्सीला पुरा पडत नाही आणि बेस पातळ होतो. सबवूफरच्या वाटेत म्हणूनच नको. पुरवठ्यावरचा फिल्टर हेड युनिटच्या पॉझिटिव्हवर घातला तर, आणि आवाज व्हॉल्यूमबरोबर बदलत असेल तरच, उपयोगी पडतो. १ फॅरडचा कपॅसिटर बेसच्या ठोक्याला व्होल्टेज सावरायला असतो. शिट्टीसाठी घेऊ नका.

कंपनीचा स्टिरिओ आहे, आरसीए आउटपुटच नाही.

हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीतला सिग्नल थेट घेणारं) असलेला ॲम्प घ्या आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी त्याला द्या. स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थ नसते. बहुतेक स्टिरिओंमध्ये तिच्यावर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट असतात, मीटर लावून बघू शकता. ती पत्र्याला जोडली तर आवाज तर येतोच, स्टिरिओचं आउटपुटही जळू शकतं.

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नाही, तरी कू-कू का येते?

तिथे १२ व्होल्टचा पुरवठा मोठ्या बॅटरीवरून डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो आणि मोटर इन्व्हर्टरवर (बॅटरीच्या डीसीचं एसी करणाऱ्या सर्किटवर) चालते. दोन्ही वेगाने स्विच होतात. आवाज वेग घेताना आणि ब्रेकच्या रिजनरेशनला (गाडी मंदावताना बॅटरी चार्ज होते तेव्हा) बदलत असेल तर इन्व्हर्टर समजा. आरसीए नारिंगी केबलींपासून लांब न्या, डिफरन्शियल इनपुटचा (दोन वायरींमधला फरक तेवढाच उचलणारा) ॲम्प वापरा. नारिंगी केबल, तिचे कनेक्टर आणि झाकणं उघडायची नाहीत. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

उभ्या गाडीत शांत, खड्ड्यात मात्र खर्र होतं.

सैल जोड. गाडी उभी करून, गाणं हळू लावून, एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने एकेक जोड हाताने हलवावा: आरसीएचे प्लग, ॲम्पच्या टर्मिनलचे स्क्रू, हेड युनिटमागचा कनेक्टर, फ्यूज होल्डर. मग दार उघड-बंद करा. फक्त एका दाराच्या स्पीकरमध्ये खरखर असेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी बघा. रोज वाकून वाकून तांबं आतल्या आत तुटतं आणि वरचं वेष्टन शाबूत दिसतं. वायर हळूच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते. तेवढा तुकडा कापून नवा लवचिक तुकडा सोल्डर करा, दोन्ही जोड नळीच्या बाहेर ठेवा आणि त्यांवर हीट-श्रिंक चढवा.